पाश्चात्य रॉकगीतांतील परलोक

इंग्रजीतील 'हेवन' या शब्दास मराठीत 'स्वर्ग' असा प्रतिशब्द योजण्याचा प्रघात आता इतका रूढ झाला आहे की, त्यात काही वावगे असेल अशी शंकाही कोणास येत नाही. कोशांत तोच शब्द, वर्तमानपत्रांत तोच, आणि गेल्या साठ वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतून निघून आपल्या घराघरांत शिरलेल्या रॉकगीतांचा अर्थ आपली मुले एकमेकांस सांगतात तेव्हाही तोच. परंतु स्वर्ग म्हणजे काय, हे गीतेचा नववा अध्याय ज्याच्या कानावरून गेला आहे त्यास सांगावयास नको. तो पुण्याची शिदोरी संपेपर्यंतचा मुक्काम आहे. शिदोरी सरली की पुन्हा मृत्युलोकाची वाट धरावी लागते. ख्रिस्ती माणसाचे 'हेवन' असे परतीच्या वाटेचे नाही. तेथे गेलेला तेथेच राहतो आणि त्यास देवाचे सान्निध्य अखंड लाभते. आपल्या भाषेत त्याच्या जवळ जाणारा शब्द शोधू गेल्यास तो स्वर्ग नव्हे, वैकुंठ होय.

हा शोध आमचा नव्हे. चारशे वर्षांपूर्वी गोमंतकात एका इंग्रज पाद्र्याने तो लावून ठेवला आहे. फादर टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरला, साष्टीत राहून येथली भाषा शिकला आणि आपले 'ख्रिस्तपुराण' त्याने मराठी ओवीत रचले. १६१६ साली ते राचोल येथे छापून निघाले. त्यात हेवनसाठी त्याने ठिकठिकाणी वैकुंठ हा शब्द योजला आहे. ज्या साष्टीत आपली देवळे मोडली गेली, जेथून कुशस्थळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा रातोरात नदीपार अंत्रुज महालात न्यावी लागली, त्याच साष्टीच्या छापखान्यातून वैकुंठ हा शब्द ख्रिस्ती अर्थाने बाहेर पडला! हा योग आमच्या वाचकांस बोचल्यावाचून राहणार नाही; आम्हांसही तो बोचतो. परंतु भाषांतरकार म्हणून स्टीफन्सची नजर बारीक होती हे मान्य केले पाहिजे. परलोकाचा शब्द एका धर्मातून दुसऱ्या धर्मात नेताना काय हरवते आणि काय चिकटून येते, हे त्याला कळत होते. आज आपण ही गीते ऐकताना किंवा त्यांची निंदा करताना तेवढी काळजी घेत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

या गीतांचा परलोक कोठून आला हे पाहू गेल्यास प्रथम अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या शेतांत जावे लागते. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांस त्यांच्या धन्यांनी ख्रिस्ती धर्म दिला. त्या धर्मातून त्यांनी आपल्यापुरत्या गोष्टी उचलल्या. मिसर देशातून सुटलेले इस्राएल लोक, यार्देन नदीपलीकडची वचनदत्त भूमी, आणि एलीया या संदेष्ट्यास सदेह वर घेऊन गेलेला अग्निरथ. तुकोबांचे सदेह वैकुंठगमन मानणाऱ्या समाजास या रथाची ओळख करून देण्याचे कारण नाही. 'स्विंग लो, स्वीट चॅरियट' हे या रथास विनवणारे गीत वॉलेस विलिस नावाच्या, गुलामीतून सुटलेल्या वृद्धाने रचले असे मानतात. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील गायकवृंदाने १८७१ पासून गावोगाव फिरून संस्थेसाठी द्रव्य जमवण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या मुखाने ही गीते प्रथम गोऱ्या श्रोत्यांपर्यंत व पुढे युरोपपर्यंत पोहोचली.

आता या गीतांतील नदीचा अर्थ काय? आपल्याकडे मेल्यावर ओलांडावयाची नदी म्हटली की वैतरणी आठवते. रक्तापुवाने भरलेली, गोदान करून तरावयाची, भयाण. यार्देन तशी नाही. ती सुखाच्या देशाची सीमा आहे. पण गुलामाच्या तोंडी या सीमेस आणखी एक अर्थ होता. स्वतः गुलामीतून पळून गेलेला फ्रेडरिक डग्लस याने १८५५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, आपण कनान देशाचे गाणे गात असू तेव्हा आपल्या मनात उत्तरेकडचा मुलूख असे. म्हणजे धन्यास वाटावे की हे बिचारे मरणोत्तर सुखाचे भजन गात आहेत, आणि गाणारे बेत करीत असावेत पळून जाण्याचा! एकाच शब्दात परलोक आणि इहलोकीची मुक्तता अशा दोन्ही गोष्टी एकमेकींस धरून बसल्या. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या अमेरिकन गाण्यात 'हेवन' हा शब्द येतो तेव्हा त्याच्या तळाशी हा दुहेरीपणा असतो, हे ध्यानात न घेतल्यास अर्थ हमखास चुकतो.

या परंपरेतील मृत्युगीतांत आम्हांस सर्वांत हृद्य वाटते ते टॉमस डॉर्सी याचे. हा गृहस्थ आरंभी ब्लूज नावाच्या संसारी, किंचित शृंगारी गाण्यांचा पियानोवादक होता. १९३२ च्या ऑगस्टात तो सेंट लुईस येथे धर्मसभेत गाण्यास गेला असता शिकागोत त्याची पत्नी बाळंतपणात वारली. पाठोपाठ नवजात मुलगाही गेला. त्या दुःखात त्याने 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे गीत रचले. देवाने हात धरून घरी पोहोचवावे, एवढीच त्यातील याचना आहे. परलोकास 'घर' म्हणणे हे आपल्या कानास परके नाही; पंढरीस माहेर म्हणणाऱ्या संतांच्या आपण सांगातातले. पुढे १९६८ च्या एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीच्या वेळी महालिया जॅक्सन या गायिकेने हेच गीत म्हटले. एका नवऱ्याचे खासगी दुःख छत्तीस वर्षांनी एका समाजाचे दुःख वाहून नेण्यास पुरेसे ठरले.

मागील शतकाच्या मध्यास उदयास आलेल्या रॉक अँड रोल संगीताचे बहुतेक आद्य गायक याच चर्चमधून आले. सिस्टर रोझेटा थार्प हिने विजेची गिटार घेऊन देवाची गाणी गाइली. लिटल रिचर्ड आणि एल्व्हिस प्रेस्ली चर्चगायनावरच वाढले. त्यामुळे स्वर्ग, रथ, नदी, दार, शिडी हे सारे सामान या नव्या गाण्यात आपोआप आले; कधी श्रद्धेसह, कधी नुसतेच. नॉर्मन ग्रीनबॉम या ज्यू तरुणाने दूरदर्शनवर एका गोऱ्या गायकास ख्रिस्ती भजन म्हणताना पाहिले आणि 'आपणही एक करून पाहू' म्हणून १९६९ साली 'स्पिरिट इन द स्काय' हे गीत केले. मेल्यावर वरच्या लोकी जाण्याचे ते आनंदगीत इतके गाजले की, रचणारा ख्रिस्ती नाही हे कोणाच्या ध्यानीही आले नाही. लेड झेपलिन या मंडळींच्या १९७१ सालच्या प्रख्यात गीताच्या नावात स्वर्गाचा जिना आहे. पण तेथे परलोक जवळजवळ नाहीच. पैशाने सर्व काही विकत मिळते अशा समजुतीत असलेल्या एका स्त्रीपासून त्याचा आरंभ होतो आणि पुढे ते अर्थाच्या धुक्यात शिरते. त्या धुक्यातून लोकांनी वेदान्तापासून सैतानापर्यंत हवे ते काढले आहे. आम्ही त्या वाटेस जात नाही.

बॉब डिलन याच्या 'नॉकिन ऑन हेवन्स डोअर' या गीतापाशी मात्र थांबले पाहिजे, कारण प्रसंग सोडून शब्द घेतले तर काय होते याचा तो उत्तम नमुना आहे. हे गीत स्वतंत्र नव्हे. १९७३ साली सॅम पेकिन्पा याने काढलेल्या 'पॅट गॅरेट अँड बिली द किड' या चित्रपटासाठी ते रचले गेले. त्यात एक म्हातारा शेरीफ, म्हणजे तिकडचा गावचा फौजदार, चकमकीत पोटात गोळी लागून पाण्याकाठी जाऊन बसतो. सायंकाळ झाली आहे. पत्नी थोड्या अंतरावरून त्याच्याकडे पाहत रडते आहे. तो अधिकाराचा बिल्ला नि बंदुका उतरवून ठेवू पाहतो, त्याला डोळ्यांपुढे काळोख दिसतो आणि आपण एका दारावर थाप देत आहोत असे वाटते. बस्स. दार उघडले की नाही, आत कोण आहे, याविषयी गीत एक अक्षर बोलत नाही. मागा म्हणजे मिळेल, ठोका म्हणजे उघडेल, हे ख्रिस्ताचे आश्वासन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे; डिलनने त्यातील ठोकणे तेवढे घेतले आणि उघडणे सोडून दिले. ज्याने आयुष्यभर बंदूक चालवली त्याच्यासाठी ते दार उघडेल काय, ही शंका त्या मौनात आहे असे आम्ही समजतो. दारापाशी थबकण्याचे दुःख आपल्याला अगदीच अपरिचित आहे असेही नाही. पंढरीच्या महाद्वारापुढे चोखोबांची समाधी आहे, आणि ते दार देवाने नव्हे, माणसांनी बंद केले होते.

हे गीत पुढे एका निराळ्याच प्रसंगी गाइले गेले. १९९६ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका माथेफिरूने गोळीबार करून सोळा बालके व त्यांच्या शिक्षिका यांचा बळी घेतला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या गावच्या एका गायकाने डिलनच्या संमतीने गीतात नवे कडवे घालून ते लहान मुलांच्या साथीने ध्वनिमुद्रित केले. ब्रिटनमध्ये ते विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेले. चित्रपटात बंदूक खाली ठेवणारा मरणोन्मुख शेरीफ होता. डनब्लेनमध्ये बंदुका खाली ठेवा अशी विनवणी सारा गाव सरकारास व समाजास करू लागला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुले बाळगण्यावर कायद्याने बंदी आली. शब्द बव्हंशी तेच होते. दार ठोकणारे बदलले होते.

यानंतर जे गीत घ्यावयाचे त्याविषयी लिहिताना लेखणी थोडी जपून चालवावी लागते. इंग्लंडचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन याचा साडेचार वर्षांचा मुलगा २० मार्च १९९१ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्रेपन्नाव्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून पडून मरण पावला. पुढे विल जेनिंग्ज या गीतकाराच्या साहाय्याने क्लॅप्टनने 'टिअर्स इन हेवन' हे गीत केले. ते 'रश' या चित्रपटात आले, आणि १९९३ साली त्यास तीन ग्रॅमी पारितोषिके मिळाली. यात बाप मुलास विचारतो ते एवढेच: परलोकी भेट झाली तर तू मला ओळखशील काय? हात धरशील काय? आणि मग स्वतःस बजावतो की आपली जागा अजून तेथे नाही, आपण जगले पाहिजे.

या प्रश्नाचा अर्थ लावताना आपले लोक घाईने दोन टोके गाठतात. कोणी म्हणतो, पाहा, यांना पुनर्जन्म ठाऊक नाही म्हणून हा आक्रोश. कोणी म्हणतो, जगात सर्वत्र एकच भावना, भेद कसला? आम्हांस दोन्ही मते उथळ वाटतात. भागवताच्या षष्ठ स्कंधात चित्रकेतू राजाची कथा आहे. पुराणाच्या निमित्ताने आमच्या पुष्कळ वाचकांनी ती देवळात ऐकली असेल. अंगिरा ऋषींच्या कृपेने राजास उशिरा पुत्र झाला. सवतीमत्सराने इतर राण्यांनी त्यास विष घातले. राजा-राणी शोकाने वेडी झाली असता नारद व अंगिरा आले, आणि नारदांनी त्या बालकाच्या जीवास परत देहात बोलावून सांगितले की, हे तुझे आईबाप तुझ्यासाठी रडत आहेत, ऊठ, राज्य भोग. त्यावर तो जीव विचारतो, हे माझे आईबाप कोणत्या जन्मीचे? मी कर्मवशात किती योनी फिरलो. प्रत्येक ठिकाणी कोणी आप्त झाला, कोणी वैरी. एवढे बोलून तो निघून जातो.

म्हणजे क्लॅप्टनने जो प्रश्न विचारला तोच आपल्या पुराणात विचारला गेला आहे. फक्त तो उलट बाजूने, मुलाने विचारला आहे, आणि त्याचे उत्तर 'नाही, मी ओळखत नाही' असे आहे. याहून कठोर उत्तर आम्ही कोठे वाचलेले नाही. ते खोटे आहे असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. पण ते कोणी, कोणास आणि केव्हा सांगितले हेही पाहावे. अंगिरा स्वतः म्हणतात की, आपण प्रथम आलो तेव्हाच ज्ञान देणार होतो, परंतु राजाचे मन पुत्रात गुंतलेले पाहून पुत्रच दिला. ऋषीदेखील माणसाच्या ओढीपुढे थांबले. आणि ज्या समाजात ही कथा सांगितली जाते तोच समाज वर्षश्राद्धास गेलेल्याचे नाव घेतो, गोत्र उच्चारतो, पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांस पिंड देतो. जीव कोणाचा कोणी नाही असे पुराणात ऐकावयाचे आणि घरी दर्भ हाती घेऊन त्याचे नाव घ्यावयाचे. यातील विसंगती आपल्या पूर्वजांना दिसली नसेल असे कोण म्हणेल? त्यांनी ती ठेवली, कारण मनुष्यास दोन्ही लागते. सपिंडीकरणानंतर प्रेताचा पितर होतो आणि चौथ्या पिढीस नावही सुटते. नाव धरून ठेवावयाचे ते किती काळ, याचीही त्यांनी मर्यादा आखून दिली.

क्लॅप्टनने २००४ च्या सुमारास हे गीत सभेत गाणे थांबवले. जे दुःख वाटून ते रचले ते आता तसे वाटत नाही, असे कारण त्याने दिले. पुढे काही वर्षांनी तो ते पुन्हा गाऊ लागला. दुःख नाहीसे झाल्यावर दुःखाचे गाणे पैशासाठी गाऊ नये, हा त्याचा विवेक आम्हांस पटतो.

आता गैरसमजाकडे वळू. कारण आईबापांची खरी चिंता तेथे आहे. रॉकगीते मरणाची गोडी लावतात, आत्महत्येस उद्युक्त करतात, असा आरोप अमेरिकेतही झाला आणि तो न्यायालयापर्यंत गेला. ब्लू ऑयस्टर कल्ट या मंडळींचे १९७६ सालचे एक गीत मृत्यूस भिऊ नका असे सांगते. तिकडे मृत्यूची मूर्ती यमासारखी रेड्यावर बसलेली नसते. कोयता घेऊन माणसांचे पीक कापणारा तो एक सांगाडा असतो. गीतात रोमिओ-ज्युलिएटचा उल्लेख आला, आणि ते दोघे आत्मघाताने मेले, म्हणून हे आत्महत्येचे आवाहन ठरले. रचणारा डोनाल्ड रोझर याने वारंवार सांगितले की, आपल्या हृदयाच्या ठोक्यांत दोष आढळल्याने आपण अकाली मरू असे मनात आले, आणि प्रेम मरणाने तुटते काय असा विचार त्यातून सुचला. हे स्पष्टीकरण मानण्यास आमची हरकत नाही. परंतु रोमिओचे नाव ज्याने घातले त्याने श्रोत्यास सर्वस्वी दोष देऊ नये.

ऑझी ऑस्बर्न याच्या १९८० सालच्या 'सुइसाइड सोल्यूशन' या गीताची कथा अधिक गंभीर. नावातील दुसरा शब्द श्लिष्ट आहे. त्याचा अर्थ 'उपाय' होतो तसाच 'द्रावण' असाही होतो. गीत मद्याविषयी आहे. मद्य हे आत्मघाताचे द्रावण, असा त्याचा आशय. १९८४ साली कॅलिफोर्नियात एका एकोणीस वर्षांच्या मुलाने ऑस्बर्नच्या ध्वनिमुद्रिका ऐकता ऐकता जीव दिला. त्याच्या आईबापांनी गायकावर व कंपनीवर दावा लावला. १९८८ साली तेथील अपील न्यायालयाने दावा फेटाळला: कलाकृतीस अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचे संरक्षण आहे, आणि या गीतात कोणास तत्क्षणी कृती करण्याची चिथावणी नाही. निकाल कायद्याने योग्यच होता. परंतु श्लेष हा पंडितांचा खेळ आहे. रात्री एकटा बसलेला, मनाने खचलेला मुलगा त्याचे दोन अर्थ सोडवीत बसत नाही. तो पहिला अर्थ घेतो. न्यायालयाने गायकास मोकळे केले, घरातील वडीलधाऱ्यांस केले नाही. मुलगा काय ऐकतो यापेक्षा तो एकटा का ऐकतो, हे त्यांनी आधी पाहावे. गाणे बंद करण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून ते ऐकणे बहुधा अधिक उपयोगी.

येथवरची गीते ख्रिस्ती कल्पनांच्या आवारातली. १९६६ साली मात्र या गाण्यात पूर्वेकडचा परलोक शिरला, आणि तो शिरला मोठ्या विचित्र वाटेने. तिबेटात 'बार्दो थोडोल' नावाचा ग्रंथ आहे. तो पद्मसंभवाचा म्हणून मानला जातो आणि चौदाव्या शतकात कर्मलिंगपा याने तो प्रकट केला अशी परंपरा आहे. नावाचा अर्थ, मधल्या अवस्थेत श्रवणाने होणारी मुक्ती. मनुष्य मेल्यावर पुढील जन्म घेईपर्यंत एकोणपन्नास दिवसांपर्यंत त्याचा प्रवास चालतो. त्या काळात त्याला जे उग्र व सौम्य देवतांचे देखावे दिसतात ते त्याच्याच चित्ताचे खेळ आहेत, भिऊ नकोस, असे त्याला वाचून दाखवावयाचे. आपल्याकडे सुतकाच्या दिवसांत गरुडपुराण लावतात तेव्हा गेलेला जीव घराभोवती असून ऐकतो अशी समजूत असते. तिचीच ही बहीण. गंगटोक येथील शाळेचे मुख्याध्यापक काझी दावा सामदुप यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात तिबेटीचे अध्यापक झाले आणि १९२२ साली वारले. १९२७ साली ऑक्सफर्डहून पुस्तक निघाले ते संपादक इव्हान्स-वेंट्झ यांच्या नावाने गाजले, आणि या गृहस्थांना तिबेटी येत नव्हते. मिसरी लोकांच्या मृतांच्या पुस्तकाच्या धर्तीवर 'तिबेटी मृतांचे पुस्तक' हे नाव त्यांनीच दिले. शिक्षकाचे श्रम आणि संपादकाचे नाव, हा प्रकार आपल्याकडेही पाहावयास मिळतो.

पुढे टिमोथी लिअरी, राल्फ मेट्झनर व रिचर्ड अल्पर्ट या हार्वर्डशी संबंधित तिघा मानसशास्त्रज्ञांनी १९६४ साली याच ग्रंथावरून एक पुस्तिका काढली. एलएसडीसारखी मादक द्रव्ये घेणाऱ्यास जे अनुभव येतात ते अहंकाराचे मरण होय, असे धरून त्यांनी तिबेटी उपदेश त्या अनुभवास लावला. बीटल्स मंडळींपैकी जॉन लेनन याने लंडनमधील एका पुस्तकाच्या दुकानात ती घेतली आणि १९६६ च्या एप्रिलात 'टुमॉरो नेव्हर नोज' या गीताचे ध्वनिमुद्रण झाले. संपूर्ण गीत बहुतांशी एकाच स्वरमेळावर उभे आहे आणि खाली तंबोऱ्याचा नाद आहे. आपला आवाज डोंगरमाथ्यावरून मंत्र म्हणणाऱ्या दलाई लामांसारखा यावा, असा लेननचा हट्ट होता. तंत्रज्ञांनी तो फिरत्या ध्वनिक्षेपकातून काढून दाखवला.

या गीताचा अर्थ विचारला असता आम्ही प्रथम श्रोता कोण हे विचारतो. मूळ ग्रंथ मेलेल्याशी बोलतो. हार्वर्डची पुस्तिका नशेत पडलेल्याशी बोलते. लेननचे गीत ध्वनिमुद्रिका विकत घेतलेल्या कोणाही तरुणाशी बोलते. उपदेश जवळपास एकच आहे: भय सोड, मनाची धावपळ थांबव, स्वतःस वाहू दे. पण मरणाऱ्यास जे सांगावयाचे ते निरोगी विशीतल्या मुलास सांगितल्याने त्याचे वजन उतरते. आप्तांचे रडणे, दिव्याचा मंद उजेड, लामाचा ओळखीचा स्वर, हे सारे गळून नुसती एक गंमत उरते. गीत संगीताच्या इतिहासात मोठे आहे यात वाद नाही. परलोकाविषयी ते काही सांगते असे मात्र आम्ही मानीत नाही. त्या तिघा लेखकांपैकी अल्पर्ट १९६७ साली भारतात आला, नीम करोली बाबांचा शिष्य होऊन रामदास झाला, आणि पुढे अमेरिकेत मरणासन्न माणसांजवळ बसण्याचे काम त्याने केले. ग्रंथ अखेर जेथून उचलला होता तेथे, म्हणजे मरणाऱ्याच्या अंथरुणापाशी, परत आला.

त्याच मंडळींतील जॉर्ज हॅरिसन याची गोष्ट वेगळी. तो १९६६ च्या सप्टेंबरात रविशंकरांपाशी सतार शिकण्यासाठी मुंबईस आला. १९६८ च्या जानेवारीत मुंबईच्याच एचएमव्ही ध्वनिमुद्रणगृहात त्याने आपल्या वादकांकडून काम करून घेतले. 'आर्ट ऑफ डाइंग' म्हणजे मरणाची कला हे गीत त्याने १९६६ च्या सुमारास लिहावयास घेतले. त्याच्या मूळ मसुद्यात बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांचे नाव होते; ते १९६७ साली अकाली वारले, आणि १९७० साली गीत प्रसिद्ध झाले तेव्हा त्या जागी एका जोगिणीचे नाव होते. हॅरिसन आयरिश वंशाच्या कॅथलिक आईच्या घरात वाढलेला. जोगिणीचे नाव तेथून आले असावे. परंतु गीताचा आशय चर्चमधला नाही. मरण कोणास चुकवता येत नाही, आणि पूर्णत्व येईपर्यंत पुन्हा पुन्हा यावे लागते, असे ते सांगते. येथे 'हेवन' नाही, स्वर्गही नाही. गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाविषयी जे सांगितले आहे आणि आपल्याकडे मती तशी गती म्हणून ज्याची म्हण झाली, त्याचीच ही उजळणी आहे. नशेचा मार्ग हॅरिसनने तोवर सोडला होता. कला म्हणजे सराव, आणि सराव रोजचा असतो, हे त्याला उमगले होते.

त्याच वर्षीच्या 'माय स्वीट लॉर्ड' या गीतात त्याने आणखी एक गोष्ट केली. निग्रो चर्चगायनाच्या घाटावर ते बांधलेले आहे. साथीदार प्रथम 'हल्लेलुया' म्हणतात आणि श्रोत्याच्या नकळत हरे कृष्ण म्हणू लागतात, मागून गुरुवंदनेचा श्लोकही ऐकू येतो. लोक एका नामात रमले असता त्यांना दुसऱ्यात न्यावे, असा आपला हेतू होता हे त्याने पुढे सांगितले. स्टीफन्सने वैष्णवांचे वैकुंठ उचलून ख्रिस्ती अर्थास दिले. साडेतीनशे वर्षांनी एका कॅथलिक घरच्या इंग्रजाने ख्रिस्ती घोषाच्या मागोमाग वैष्णव नाम आणून बसवले. फरक एवढाच की, या वेळी मागे कोणाचे सैन्य नव्हते.

१९९९ च्या डिसेंबरअखेर हॅरिसनच्या घरात एका विकृतचित्त मनुष्याने शिरून त्याच्यावर सुरीने वार केले, तेव्हा हॅरिसन त्याच्यापुढे हरे कृष्ण म्हणून ओरडला. तो त्यातून वाचला. पण कर्करोगाने २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिस येथे त्याचा अंत झाला, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. देवाचे भान ठेवून व मृत्यूचे भय न बाळगता तो गेला, अशा आशयाचे निवेदन कुटुंबाने काढले. अखेरच्या दिवसांत अपुरी राहिलेली ध्वनिमुद्रणे त्याचा मुलगा धनी आणि मित्र जेफ लिन यांनी पुरी करून 'ब्रेनवॉश्ड' या नावाने पुढील वर्षी नोव्हेंबरात प्रसिद्ध केली. त्यातील शेवटचे गीत संपता संपता वाद्ये शांत होतात आणि बापलेक दोघांच्या आवाजात पार्वतीपतीचा जो घोष सुरू होतो, तो कीर्तन संपताना आपल्या देवळांत सगळी सभा हात वर करून करते तोच होय.